लहान तलावात कयाकवरून मासेमारी: आधी कयाक हातात येऊ द्या, गळ नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे की काठावरून तीन-चार वर्षं मासेमारी करतोय, रॉड-रील बऱ्यापैकी जमतं, पोहता जेमतेम येतं, आता लहान तलाव आणि तळ्यांमध्ये कयाक, म्हणजे वल्ह्याची लहान अरुंद होडी, घेऊन उतरायचंय, तर कयाक कुठली घेऊ, सोबत काय काय लागेल आणि एकट्याने गेलं तर चालेल का. मी बारा वर्षांहून जास्त हेच करतोय, त्यातला बराचसा वेळ लहान पाण्यातच गेलाय आणि नवीन मंडळींना बऱ्याचदा सोबत नेतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काठावर तुमचे पाय जमिनीवर असतात आणि फक्त गळ हलतो, कयाकवर सगळंच हलतं. वारा तुम्हाला सतत ढकलत असतो, जोरात गळ फेकला की कयाकचं तोंड थोडं फिरतं, गळ कुठे अडकला आणि तुम्ही रील फिरवायला लागलात की गळ येत नाही, तुम्हीच त्याच्याकडे जाता, आणि बऱ्यापैकी मोठा मासा लागला तर तो कयाकसकट तुम्हाला ओढत नेतो. म्हणून इथे मासा मिळणार की नाही हे गळ किती लांब फेकता यावर फारसं ठरत नाही, कयाक कुठे उभी आहे आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं. काठावर मुरलेली माणसं नेमकी इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं मासेमारी तर येतेच, नुसती बसायची जागा बदलली. माझं ऐका, पहिल्या दोन-तीन वेळा रॉड घरीच ठेवा. खरंच ठेवा. नुसती कयाक चालवा, वळवा, मागे घ्या, वाऱ्यात एका जागी धरून ठेवायचा प्रयत्न करा, आणि मुद्दाम पालथी करा, त्याबद्दल पुढे लिहितोच.

आता कयाक कुठली. लहान पाणी आणि नवशिका माणूस असेल तर माझं उत्तर नेहमी एकच, सिट-ऑन-टॉप, म्हणजे जिच्या वर बसतात ती, पाय आत घालून बसायची ती नाही. आत बसायची कयाक पालथी झाली की पाण्याने भरते आणि मध्यावर ती रिकामी करून परत आत शिरणं हे सराव असलेल्या माणसालाही जड जातं. वर बसायची कयाक म्हणजे एक बंद पोकळ डबाच असतो, तिला आरपार भोकं असतात, स्कपर होल म्हणतात त्यांना, वर आलेलं पाणी त्यातून आपलं आपण खाली जातं, आणि पालथी झाली तरी सरळ करून परत चढता येतं. लांबी १० ते १२ फूट, रुंदी साधारण ३० ते ३४ इंच. लांब कयाक सरळ जाते आणि कमी दमवते, आखूड पटकन वळते, तळं लहान असेल, झाडंझुडपं पाण्यात असतील तर १० फुटी पुरे. रुंदी वाढली की डुलणं कमी होतं पण वल्हवायला जड होते, त्यामुळे नुसतं रुंद म्हणजे चांगली असं धरून चालू नका.

वजन हा मुद्दा मात्र लोक दुकानात विसरतात आणि मग वर्षभर पस्तावतात. १० फुटी प्लॅस्टिकची कयाक सहज २५ ते ३५ किलोची असते, त्यात सीट, बॅटरी, सामान धरलं की अजून वाढतं, आणि ती तुम्हाला गाडीवर चढवायचीय, उतरवायचीय, पाण्यापर्यंत न्यायचीय, तेही थकलेल्या अवस्थेत परत. जी एकट्याला उचलत नाही ती कयाक घरीच पडून राहते, हे मी इतक्या जणांचं पाहिलंय की आता कोणी मॉडेल विचारलं की मी आधी विचारतो, एकट्याने उचलून बघितली का? दोन चाकांची छोटी ट्रॉली मिळते, ती सुरुवातीलाच घ्या. कयाकवर लिहिलेली वजनाची मर्यादा असते ना, त्यात तुमचं वजन, सामान, सगळंच धरलेलं असतं, आणि त्या आकड्याच्या जवळ गेलात की कयाक पाण्यात बसते, भोकांतून पाणी वर येऊन तुमची बैठक ओली होते आणि तोलही जातो. त्या मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांशच्या आत राहा.

पायाने चालवायच्या कयाकबद्दल खूप जण विचारतात. होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणला तेव्हापासून हा प्रकार रुजला आणि खरंच फार सोयीचा आहे, दोन्ही हात रॉडला मोकळे राहतात. पण जड असतात, महाग असतात, आणि लहान तळ्यात जिथे मासे असतात तिथेच गवत आणि उथळ पाणी असतं, तिथे पंख्यात गवत गुरफटतं. पहिली कयाक वल्ह्याचीच घ्या. हवा भरायची चालेल का? चांगल्या प्रतीची, कडक तळाची असेल तर चालेल, फक्त काटेरी झुडपं आणि गळ यांच्याशी जपून राहावं लागतं, आणि हलकी असल्यामुळे वारा तिला जास्त पळवतो. जुनी घेत असाल तर पालथी घालून स्कपर होलच्या कडा आणि तळाचा मागचा भाग बोटाने चाचपून बघा, चीर पडते ती बहुतेक तिथेच, आणि शक्य असेल तर अर्धा तास पाण्यात बसून आतमध्ये पाणी शिरतं का ते बघा. मागच्या बाजूला एक छोटं ड्रेन प्लग नावाचं बूच असतं, ते पाण्यात उतरायच्या आधी घट्ट आहे ना हे दरवेळी हात लावून बघायचं, दरवेळी.

वल्हं रुंद कयाकला लांब लागतं, २४० ते २६० सेंटीमीटर, आखूड घेतलंत तर दर वेळी हात कयाकच्या कडेवर आपटतील आणि पाणी मांडीवर येईल. वल्हवताना नुसते दंड वापरू नका, कमरेपासून वळा, दंडाने वल्हवणारा माणूस तासाभरात खांदा धरून बसतो. आणि वल्ह्याला दोरी बांधा, कारण मासा लागला की वल्हं मांडीवरून कधी घसरलं ते कळत नाही आणि वल्हं गेलं म्हणजे गाडीचं स्टिअरिंग गेलं.

लाइफ जॅकेट. इथे मी थोडा कडक बोलणार आहे. तुम्ही लिहिलंय पोहता जेमतेम येतं, तर जॅकेट मागे बांधून ठेवायचं नाही, अंगात घालायचं आणि काठावर परत पाय ठेवेपर्यंत काढायचं नाही, पाणी कमरेएवढं असलं तरी. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, ५० न्यूटनवालं हे चांगलं पोहता येणाऱ्यांसाठी असतं, ते तुम्हाला तरंगायला मदत करतं पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर आणत नाही. पोहण्याचा भरवसा नसेल तर १०० न्यूटनचं घ्या, थोडं अवजड वाटतं, मानेमागे कॉलर येते, वल्हवताना सवय व्हायला वेळ लागतो, तरी घ्या. खांद्याला धरून कोणालातरी वर ओढायला सांगा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही किंवा पट्टे सैल आहेत. त्याच्या खिशात एक शिट्टी आणि एक छोटी सुरी ठेवा, सुरी कशासाठी ते नांगराच्या वेळी सांगतो.

आता पालथं होणं. उन्हाळी, उबदार दिवस बघा, पाणी छातीएवढं असेल अशी स्वच्छ जागा बघा, तळाला गाळ-गवत नको, एक माणूस शेजारी उभा ठेवा आणि मुद्दाम पडा. पहिल्यांदा पडताना वाटतं त्यापेक्षा ते हळू होतं, कयाक एका बाजूला कलते, एक क्षण थांबते, आणि मग एकदम तुम्ही पाण्यात. आधी कयाक पकडा, ती हातातून सोडायची नाही, वाऱ्यात रिकामी कयाक तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने निघून जाते. मग पालथ्या कयाकच्या मधोमध या, हात लांब करून पलीकडची कड किंवा स्कपर होल पकडा, गुडघा अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागे रेला, ती फिरून सरळ होते. आता सगळ्यात अवघड भाग. बहुतेक जण पाय खाली लोंबकळत ठेवून दंडाच्या जोरावर वर चढायला बघतात, तसं केलं की कयाक परत अंगावर येते. पाय मागे पाण्याच्या वर आणायचे, पोहताना मारतो तसे जोरात मारायचे आणि त्या जोरावर पोट कयाकवर आडवं सरकवायचं, चढायचं नाही, सरकायचं. पोट आडवं पडलं की तसंच थोडा वेळ पडून राहा, श्वास घ्या, मग कूस बदलून बूड सीटमध्ये, आणि शेवटी पाय आत. आधी पोट, मग बूड, मग पाय, हा क्रम पाठ करा. असं पाच-सहा वेळा दोन्ही बाजूंनी करा, जॅकेट घालूनच करा, कारण जॅकेट छातीशी अडतं आणि ते अडणं आधी माहीत असलेलं बरं. चढताच येत नाही असं लक्षात आलं तर तेही चांगलंच झालं, एक दोरीचा फास पायरीसारखा बांधून ठेवता येतो, पण ते काठाजवळ कळायला हवं, मध्यावर नाही.

मी स्वतः पहिल्या वर्षी पालथा झालो तो ना वाऱ्याने ना माशाने. मासा कयाकमध्ये आला होता, गळ खोल गेला होता आणि पक्कड मागच्या क्रेटमध्ये होती, मी बसल्या जागी कंबर वळवून मागे हात घातला आणि बोटं पकडीला लागायच्या आत पाण्यात होतो. पाणी चार फुटांचंच होतं त्यामुळे मी उभा राहिलो, पण दोन रॉड आणि आमिषांचा डबा गेला. तेव्हापासून पक्कड, कात्री, जाळं, पाणी जे जे लागतं ते सगळं माझ्या गुडघ्यांच्या पुढे असतं, मागच्या क्रेटमध्ये फक्त काठावर गेल्यावरच लागणारं सामान. आणि अजून एक, डोकं कयाकच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही. काही पडलं, मासा कडेला आला, काहीही झालं तरी नाक मध्यावर ठेवा, डोकं जिकडे जातं तिकडे बाकीचं शरीर जातं.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी असतात त्यांच्याबद्दल वेगळं सांगतो कारण ती दिसायला सगळ्यात निरुपद्रवी असतात. त्यांच्या तिरक्या कडेवर शेवाळाचा थर बसतो आणि पडलेला माणूस काठापाशी पोचूनही वर येऊ शकत नाही, पाय घसरत राहतो. अशा तळ्यात उतरायच्या आधी काठावरच्या झाडाला किंवा खुंटाला गाठी मारलेला जाड दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा, आणि दोर बांधता येत नसेल तर तिथे जाऊच नका. तसंच बांध असलेल्या तलावात सांडवा आणि पाणी सोडायची मोरी यांच्यापासून लांब राहा, वर पाणी शांत दिसतं पण खाली ओढ असते. गवतात पडलात तर पाय उभे मारू नका, जितकी धडपड कराल तितकं गवत गुंडाळतं, आडवे व्हा आणि हळूहळू हातांनी बाहेर या.

पाणी गार असेल तर हिशोबच बदलतो. थंड पाण्यात पडण्याबद्दल १-१०-१ असा एक नियम सांगतात, पहिलं १ मिनिट श्वास आवरायला जातं, त्यानंतर साधारण १० मिनिटंच हातपाय नीट चालतात आणि साधारण १ तासाने अंगातली ऊब इतकी जाते की शुद्ध हरपू शकते. म्हणजे जे काही करायचं, कयाकवर चढायचं, ते त्या दहा मिनिटांत. म्हणून कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे, आणि हिवाळ्यात पहिली फेरी करूच नका.

वारा हा लहान तलावातला खरा मास्तर. निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी असतो. उलटं केलंत, वाऱ्याबरोबर मजेत लांब गेलात, की परतीला घाम निघतो. लहान पाण्यावर लाटा उठायला जागाच नसते त्यामुळे पाणी बघून वाऱ्याचा अंदाज चुकतो, झाडं बघा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत म्हणजे वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या आसपास, नवशिक्यासाठी हद्द तिथे संपते. धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलायला लागल्या म्हणजे २० च्या पुढे गेला, काठाला या. विजांच्या बाबतीत वाद नको, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते हे विसरू नका, पाण्यावरून विजेच्या तारा गेल्या असतील तर त्यांच्याखाली रॉड उभा धरायचा नाही.

पण हाच वारा मासे पण मिळवून देतो. तळ्याच्या एका टोकाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा, कयाक आडवी सोडा आणि वाहत येऊ द्या, वाहताना समोरच्या पाण्यात गळ टाकत राहा. एका फेरीत अर्धं तळं चाचपून होतं. जिथे टोच लागली, म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावलं, ती जागा काठावरच्या दोन खुणांनी लक्षात ठेवा, समोर ते वाकडं झाड आणि उजवीकडे तो खांब, असं. वाहण्याचा वेग जास्त वाटला तर मागे एक छोटी कापडी पिशवी, ड्रिफ्ट सॉक म्हणतात तिला, सोडा, ती पाण्याने भरते आणि ब्रेकसारखं काम करते.

नांगर लागतोच असं नाही, पण वापरलात तर नीट वापरा. लहान तळ्याला १ ते १.५ किलोचा मिटवता येणारा नांगर पुरतो, दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडायचा, सरळ उभा दोर असेल तर नांगर पकडत नाही, नुसता घासत येतो. आणि नांगर कधीही कयाकच्या कुशीला, म्हणजे तुम्ही बसता तिथे बाजूला बांधून ठेवू नका. वारा वाढला की कयाक आडवी होते, दोर तीच कड खाली खेचतो आणि पाणी वर चढतं. नांगराचा ताण पुढच्या नाहीतर मागच्या टोकालाच यायला हवा, त्यासाठी कडेने एक दोर आणि कडी फिरवतात, अँकर ट्रॉली म्हणतात, बसल्या जागेवरून ओढून कडी टोकाला नेता येते, घरी तासाभरात बसवता येते. दोराच्या शेवटी एक फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, बांधा, म्हणजे अडकला किंवा मोठा मासा लागला तर दोर सोडून द्यायचा आणि नंतर येऊन फ्लोट शोधायचा. सुटलाच नाही तर ती जॅकेटमधली सुरी. उथळ, चिखलाच्या जागी नांगरापेक्षा सात-आठ फुटांचा दांडा तळात रोवला आणि त्याला आखूड दोरीने कयाक बांधली तर आवाज पण होत नाही.

आवाजाचं सांगायचं राहिलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि तुमची कयाक हा पोकळ ढोल आहे. पक्कड हातातून प्लॅस्टिकवर पडली की लहान तळ्यात चांगला मरळ किंवा कार्प त्या कोपऱ्यातून निघून गेला असं समजा. पायाखाली फोमची चटई चिकटवा, धातूचं काही उघड्या प्लॅस्टिकवर ठेवू नका, आणि ठिकाणाच्या पंधरा-वीस मीटर आधीच वल्हं थांबवून कयाक घसरत जाऊ द्या.

रॉड-रीलचं थोडक्यात सांगतो कारण ते तुम्हाला येतं. जे आहे तेच वापरा, फक्त रॉड साडेसहा ते सात फुटी हवा आणि मागची मूठ आखूड, लांब मूठ बसलेल्या माणसाच्या जॅकेटमध्ये अडकते. सात फूट का ते मासा लागल्यावर कळतं. मासा कयाकजवळ आला की हमखास खालून पलीकडे जातो, आणि तुम्ही रॉड वर उचलून धरलात तर दोरा कयाकच्या कडेला घासतो नाहीतर टोक मोडतं. त्या वेळी रॉडचं टोक सरळ पाण्यात खुपसा, हात लांब करा आणि टोक कयाकच्या नाकापुढून फिरवून दुसऱ्या बाजूला आणा. १० फुटी कयाकमध्ये बसल्या जागेपासून नाक साधारण पाच-सहा फुटांवर असतं, आखूड रॉड तिथे पुरतच नाही. ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रीलमधून दोरा सुटतो ते, काठावर ठेवता त्यापेक्षा थोडा सैल, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे १० पौंडी दोऱ्याला अडीच पौंड, सामान मोजायच्या काट्याने ओढून एकदा मोजून घ्या. कयाक स्वतःच माशामागे जाते, त्यामुळे तुटायची घाई नसते, त्याला ओढू द्या. मासा दमला की रॉडचा हात मागे-वर, जाळं दुसऱ्या हातात पाण्यात आधीच बुडवून, आणि मासा जाळ्यावर आणायचा, जाळं माशामागे पळवायचं नाही. सुरुवातीला दोनच रॉड, तिसरा नको. रॉड, पक्कड, जाळं सगळ्याला दोरी किंवा फ्लोट, जे बांधलेलं नाही ते एक दिवस तळाला जाणार असं धरूनच चाला.

गळाच्या टोकाजवळचा छोटा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं हे एक, पण मुख्य कारण असं की मांडीवर उड्या मारणारा मासा आणि तीन तोंडी गळ अशी वेळ आली आणि गळ हातात घुसला, तर काठापर्यंत एका हाताने वल्हवायचं असतं. सोडणार असाल तर हात ओले करून धरा आणि जमेल तितका पाण्यातच ठेवून गळ काढा.

मासे कुठे शोधायचे? काठावरून जिथे पोचता येत नव्हतं तिकडे सगळे आधी मधोमध धावतात, आणि लहान तळ्यात मधोमध बऱ्याचदा काहीच नसतं. कयाकचा खरा फायदा हा की काठाला काठाच्या बाहेरून गळ टाकता येतो, म्हणजे गवताच्या बाहेरच्या कडेला समांतर, झुकलेल्या झाडाखाली, पाणी येतं त्या ओढ्याच्या तोंडाशी, बांधाच्या दगडांच्या कडेने. खोली समजायला सोनार, म्हणजे आवाजाने खोली मोजणारं यंत्र, लागतंच असं नाही, दोरीला दर मीटरवर गाठ मारून खाली शिसं बांधा आणि दोन सकाळ तळं मोजत फिरा, तळाला चिखल आहे की दगड हेही हाताला कळतं, आणि तो नकाशा डोक्यात कायमचा राहतो. शिकण्यासाठी अजून एक सोपी गोष्ट म्हणजे सावकाश वल्हवत मागे लूर, म्हणजे नकली आमिष, सोडून ठेवणं, कयाकचा सराव होतो आणि मासेही सापडतात.

उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा, २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि दाट गवत-शेवाळ असलेल्या तळ्यात वनस्पती रात्रभर ऑक्सिजन वापरत असल्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणून सगळे सांगतात की भल्या पहाटे जा, पण हिरव्यागार गवताळ तळ्यात मला उन्हाळ्यात सूर्य वर येऊन दीड-दोन तास झाल्यावर जास्त टोच मिळाल्यात. मोकळं, वारा लागणारं पाणी असेल तर पहाटच उत्तम. पोलराइज्ड चष्मा असेल तर गवताची कड आणि बुडलेली खोडं आधी दिसतात, ती मासेमारीसाठीही बरी आणि कयाक खोडांवर चढू नये म्हणूनही.

उभं राहून गळ टाकायचं डोक्यातून काढून टाका, निदान पहिला हंगाम. परवानगी आणि मासेमारीचा परवाना हे ज्या त्या पाण्याच्या मालकाकडे किंवा खात्याकडे आधीच विचारून घ्या, काठावरून चालतं म्हणजे होडीने चालतं असं नसतं. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कयाक, दोर, नांगर धुऊन पूर्ण वाळवा, एका पाण्यातलं शेवाळ-गवत दुसऱ्यात गेलं की ते तळं हातचं जातं, आणि हे नुकसान परत भरून निघत नाही.

एकट्याने जाण्याबद्दल. पहिले सहा-सात वेळा अजिबात नाही. सोबतच्या माणसाकडे कयाक नसली तरी चालेल, तो काठावर गळ टाकून बसेल, फक्त तुम्ही त्याला दिसत राहाल एवढ्याच अंतरात फिरा, आणि त्याच्याकडे एक लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब असू द्या. नंतर एकटे जायला लागलात की घरी तळ्याचं नाव, कुठून उतरणार आणि किती वाजता काठावर येऊन फोन करणार हे सांगून जा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून अंगावर ठेवा, कयाकमध्ये नाही, कारण गरज पडेल तेव्हा कदाचित तुम्ही एकीकडे असाल आणि कयाक दुसरीकडे.